चिखलबाबांची भेग

बंदरामागच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. चिखलबाबांपुढे काचेची पेटी, पेटीत खाडीचा चिखल. बाबा हात न लावता नुसते पुटपुटत, आणि काचेलगत बारीक भेग पडून पुढेपुढे सरके.

"धरणीनं आ वासला! पीडा गिळली!"

पहिल्या रांगेत शिवणवाली अक्का होती. गळ्यात लिंबाएवढी गाठ, उद्या ऑपरेशन. जन्म कात्री चालवण्यात गेला, पण स्वतःला सुरी लागणार म्हटल्यावर तिने बाबांची वाट धरली होती. भेग दिसताच तिने सुस्कारा सोडला.

"झालं! डॉक्टरला कळव, मी येत नाही."

"कळवते की," धाकटी बहीण म्हणाली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवे. कालचा खेळ पाहूनच तिला लबाडीचा वास आला होता. "आधी तुझ्या शिवणाच्या पिशवीतलं मच्छरदाणीचं कापड दे. बाबा, चिखल जरा गाळते हं."

"धरणीला गाळतेस? पाप लागेल!"

"पाप मला, भेग तुम्हाला. वाटणी झाली."

लोक हसले, आणि हसलेल्या लोकांसमोर बाबांना नाही म्हणवेना. जाळीतून दाबलेला चिखल पेटीत परतला. बाबा घसा बसेपर्यंत पुटपुटले. चिखल ढिम्म!

जाळीवर मात्र एक लांबट समुद्री किडा वळवळत होता. धाकटीने पिशवीतून खाऱ्या पाण्यात केलेल्या पारदर्शक जेलीची बरणी काढली, जेलीला टोच्याने छोटं भोक पाडलं आणि किडा त्यात सोडला.

"अक्का, बघ."

बाही उलटवावी तसा किड्याचा घसा तोंडातून बाहेर आला, फुगला, पाचरीसारखा रुतला. समोर जेली चिरली. घसा आत, डोकं भेगेत, पुन्हा घसा बाहेर.

"घशाच्या स्नायूंचं बळ. याच घशानं तो भक्ष्यही पकडतो."

"तो माझा भक्त आहे!" बाबा ओरडले.

"असेल. पण आत्ता तुम्ही गप्प होतात, तरी त्याचं चालूच होतं."

अक्काने गळा चाचपला. गाठ जागच्या जागी होती.

"म्हणजे हा मेला आपलं बीळ खणतोय, आणि मी त्याच्यावर जीव टांगून बसले?"

"पाणी गाळून पितेस ना अक्का? मग ऐकलेली गोष्टच तेवढी न गाळता का गिळायची?" धाकटी गर्दीकडे वळली. "तुम्हीही गाळा. जे खरं असेल ते जाळीवर राहीलच."

अक्का पदर खोचत उठली.

"चल. आणि त्या डॉक्टरला सांगून ठेव, टाके बारीक घाल म्हणावं. मी उसवून बघणारी बाई आहे."