पिवळे दार

त्या वसाहतीत चौसष्ट घरे होती. खरे म्हणजे एकच घर चौसष्ट वेळा बांधलेले होते. मातकट पांढऱ्या भिंती, तपकिरी दार, दारापुढे तीन पायऱ्या. पाहुणे चुकत, टपालवाला चुके, आणि रहिवाशांना या चुकण्याचा थोडा अभिमानच वाटे. हा सारखेपणा टिकवण्याचे श्रेय सतराव्या घरातल्या निवृत्त दस्तलेखकाचे होते. उभा जन्म त्याने इतरांची खरेदीखते नि मृत्युपत्रे लिहिली. वसाहतीची नियमावली लिहिण्याचे काम आले, तेव्हा तेही त्याने अशा निगुतीने केले की लोक कौतुकाने आणि किंचित धाकाने त्याला ‘कलमकाका’ म्हणू लागले.

अकरावे कलम त्याचे विशेष लाडके. ‘घराचा दर्शनी भाग इतर घरांहून वेगळा दिसेल असा रंग, कापड, कुंडी, दिवा वा अन्य कोणतीही वस्तू, कोणत्याही कारणास्तव, लावता वा ठेवता येणार नाही.’ यातले ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द त्याने मागाहून घातले होते, कारण कारणे सांगणाऱ्या माणसांतच त्याची हयात गेली होती. आणि हे कलम कोणी उद्या लहरीखातर बदलू नये, म्हणून चौसष्टही घरमालकांच्या लेखी संमतीची अट घालून त्याने पुढे लिहिले होते, ‘एकाचाही अपवाद न करता’.

“पळवाट शोधणाऱ्याला भिंतच लागली पाहिजे,” तो म्हणे.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, आणि आता यजमानांच्या मागे ती त्याच्याकडे राहायला आली होती. तिच्या नजरेचा मधला भाग पुसला जात होता. समोरच्या माणसाचा चेहरा नाहीसा होई, दारावरचा क्रमांक नाहीसा होई. कडेकडेने रंग तेवढे दिसत. गेले ते परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. तरी रोज पाच वाजता ती एकटी फिरायला निघे, पाण्याच्या टाकीपाशी बाकावर बसे, आणि पावणेसहाला परते. एवढे एकच काम तिचे तिच्या हातात उरले होते.

“सोबत येऊ का?” त्याने एकदा विचारले.

“तुला चालायला मी शिकवलं. आता तू मला शिकव!”

एका संध्याकाळी ती एकोणिसाव्या घरात शिरली. चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “चहा टाक रे, दमले.” त्या घरातली परिचारिका रात्रपाळीसाठी झोप काढत होती, ती दचकून उठली आणि किंचाळली. मग वरमली, आणि तिने ताईला हाताला धरून घरी आणून सोडले. ताई हसत होती. पण समोरचा चहा तिने घेतला नाही.

“चोर समजली मला,” ती म्हणाली. “चोराला निदान घर तरी ठाऊक असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कलमकाकांनी दाराला पिवळा रंग दिला. नियमावली लिहिणाऱ्याने ती मोडली, आणि मोडताना त्याचा हात अडखळला नाही. दहा दिवस ताई बिनचूक घरी आली. “कोपऱ्यावरनंच दिसतं रे,” ती सांगे, “कोणी दिवा धरून उभं राहावं तसं.”

अकराव्या दिवशी वसाहतीचा चिटणीस फाईल घेऊन आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

“काका, मी डोळेझाक केली असती. पण लोक विचारतायत.”

“तिच्या डोळ्यांचं सांग त्यांना. कारण आहे माझ्यापाशी.”

“कोणत्याही कारणास्तव,” चिटणीस मान खाली घालून म्हणाला. “तुमचेच शब्द, काका. मला पाठ आहेत.”

दार दर्शनी भागात मोडते की नाही, यावर काकांनी तासभर वाद घातला. मग चिटणिसाने दुसऱ्या कलमातली व्याख्या काढून पुढे ठेवली: ‘दर्शनी भाग म्हणजे दारासह’. जी वाट धरावी तिच्या टोकाला त्यांचेच अक्षर उभे होते.

संध्याकाळी ते संमतीचा कागद घेऊन बाराव्या घरी गेले. तिथे दंतवैद्यबाई राहत. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या आईच्या निळ्या कुंड्या पायऱ्यांवर ठेवल्या होत्या, आणि त्यासाठी नियम बदलावा म्हणून त्रेसष्ट सह्याही जमवल्या होत्या. चौसष्टावी मिळाली नाही. एक्केचाळिसावे घर चार वर्षे बंद होते. मालक परदेशी, पत्रे परत येत, फोन लागत नसे. त्रेसष्ट सह्यांचा तो कागद, त्यात स्वतःचीही सही असून, काकांनी तीन पानी उत्तर जोडून फेटाळला होता.

“या काका. दात दुखतोय का?”

“दात नाही.”

बाईंनी कागद वाचला आणि लगेच सही केली. “ताईंसाठी केली. तुमच्यासाठी नाही.”

“उपकार झाले.”

“थांबा. चौसष्टावी येईपर्यंत दार तपकिरी पाहिजे. माझ्या आईच्या कुंड्या न्हाणीघरात आहेत अजून. ती गेली, तेव्हाही तिथंच होत्या.”

काकांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. बाईंचे म्हणणे न्याय्य होते. परतताना ते एक्केचाळिसाव्या घरापाशी थांबले. टपालाच्या फटीतून आत कागदांचा ढीग दिसत होता. त्यात त्यांनीच धाडलेल्या नोटिसाही असणार.

तपकिरी रंगाचे दोन हात द्यावे लागले. एका हाताखालून पिवळा डोकावत होता.

मग काकांना एकच फट सापडली. कलमात ‘वस्तू’ होती, माणूस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचच्या ठोक्याला ते पिवळा रेनकोट चढवून पायरीवर उभे राहू लागले. ऊन रणरणत असे, आणि रेनकोटात त्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागत. येणारे-जाणारे आकाशाकडे पाहत. ताई कोपऱ्यावरून वळे, त्या रंगाकडे सरळ चालत येई, आणि म्हणे, “दार आज खोकतंय वाटतं.”

तेराव्या दिवशी औषधाच्या दुकानात गर्दी होती, आणि काकांना उशीर झाला. ते धापा टाकत आले तेव्हा सव्वासहा झाले होते. ताई कोपऱ्यावरच उभी होती. बसली नव्हती, कोणाला हाक मारली नव्हती, एक पाऊलही पुढे टाकले नव्हते. अर्धा तास नुसती उभी होती. काकांनी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, याचेच त्यांना भय वाटले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिने चपला घातल्या नाहीत.

“गुडघे धरलेत रे,” ती म्हणाली. “आज नको.”

तिचे गुडघे ठणठणीत होते. सकाळीच तिने खाली बसून भाजी निवडली होती आणि हात न टेकता उठली होती. काकांच्या ते ओठांवर आले. पण तो वाद त्यांनी जिंकला असता, म्हणून घातला नाही.

साडेपाचला त्यांनी सवयीने रेनकोट घातला आणि ते पायरीवर जाऊन उभे राहिले. कोपऱ्यावर कोणी नव्हते. समोर रांगेने तपकिरी दारे होती, सगळी नियमाप्रमाणे.

“आत ये,” ताईने घरातून हाक दिली. “डास येतात. दार लाव ते.”