माझे केस वाढत नाहीत

मित्रांनो, मी एक जुने डोके आहे. नुसतेच डोके. खाली मान आहे, मानेला भोक आहे आणि त्या भोकात लोखंडी दांडा घालून मला टेबलाच्या कडेला आवळतात. हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही, त्यामुळे पोटदुखीही नाही. केस कापायला शिकणाऱ्यांचा हात बसावा म्हणून माझा जन्म झाला. माणसाचे डोके बिघडवण्याआधी माझे बिघडवावे, इतका साधा विचार त्यामागे आहे.

माझी कातडी रबराची. साच्यातून बाहेर पडले तेव्हा मी भोपळ्यासारखे गुळगुळीत होते. मग एका लांबलचक खोलीत रांगेने बसलेल्या बायकांनी सुईने एकेक केस माझ्या टाळूत टोचला. केस मात्र खरे होते, कोणत्या तरी बाईच्या डोक्यावर वाढलेले. ती कोण, हे मला कधीच कळले नाही. मला कंबर असती तर ते कमरेपर्यंत आले असते. काळेभोर, जाड, दृष्ट लागावी असे. तेवढ्यासाठीच मी थोडे गर्विष्ठ होते, हे मी नाकारत नाही.

एक गोष्ट आताच सांगून टाकते. माझे केस वाढत नाहीत. मूळच नाही तर वाढतील कशाने? माझ्या डोक्यावरून जे एकदा गेले ते कायमचे गेले.

खोक्यातून मी एका शिकवणीच्या वर्गात आले. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, भिंतीला आरसे, खाली फरशी आणि कोपऱ्यात सदैव केसांनी भरलेली सुपली. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. त्यांनी प्रत्येक विद्यार्थिनीला एकच डोके दिले आणि पहिल्याच दिवशी बजावले, "हेच डोकं शेवटपर्यंत पुरवायचं. परीक्षाही ह्याच्यावरच. आधी लांब कापायला शिका, मग आखूड. ज्यांनी घाईत सगळं कापलं, त्यांनी परीक्षेला काय माझे केस कापायचे का?"

मी ज्यांच्या वाट्याला आले त्यांना सगळा वर्ग 'वहिनी' म्हणायचा. वयाने त्या सगळ्यांत मोठ्या. घरचे आवरून धापा टाकत जिना चढायच्या आणि पहिल्या रांगेत बसायच्या. परीक्षा झाली की एका मोठ्या पार्लरमध्ये त्यांना खुर्ची मिळणार होती. माझ्या केसांची निगा त्यांनी अशी राखली की बाई इतर मुलींना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्याला म्हणतात जपणं." मी तर फुगून जायचे.

सरावासाठी वहिनी मला कापडी पिशवीतून घरी नेत. एकदा बसमध्ये पिशवीचा बंद सुटला आणि माझे तोंड बाहेर आले. शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले, मग वहिनींकडे पाहिले आणि पुढच्याच थांब्यावर ते उतरून गेले. त्यांचा थांबा तो नसावा, कारण उतरल्यावर ते बराच वेळ इकडेतिकडे बघत उभे होते.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जेवणाचे एकच टेबल. त्याच टेबलाला मला आवळले तेव्हा वहिनींच्या सासूबाई उखडल्या. "जेवायच्या टेबलावर मुंडकं? आणि वर टुकूटुकू बघतंय माझ्या ताटात!" त्यांनी माझ्यावर टॉवेल टाकला. वहिनींची मुलगी चिमी त्यांना आजी म्हणायची, म्हणून मीही त्यांना आजीच म्हणते. चिमी पाचवीत होती. आजीची पाठ वळली की ती टॉवेल उचलायची आणि शाळेतल्या सगळ्या चहाड्या मला सांगायची. मी कोणाला सांगणार नाही, याची तिला खात्री होती.

मग चिमीला ताप आला. चांगलाच रेंगाळला. ताप उतरला, पण त्यानंतर तिचे केस गळू लागले. उशीवर केस, फणीत केस, न्हाणीघराच्या जाळीत केस. वेणी बुटाच्या नाडीएवढी झाली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मुळे शाबूत आहेत, अंगात ताकद आली की केस येतील, धीर धरा. पण धीर हे औषध दुकानात मिळत नाही आणि आजींकडे ते नव्हतेच.

"गोटा करून टाका," आजी म्हणाल्या. "एकदा वस्तरा फिरला की असे दाट येतात! लहानपणी माझाही केला होता. बघा माझा अंबाडा." आजींचा अंबाडा खरोखर भरघोस होता. त्यापुढे कोणाचे काही चालेना. रविवारी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांना घरी बोलवायचे ठरले.

चिमी न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावून घेतली. "मला गोटा नको! मी शाळेतच जाणार नाही!" तिचे बाबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "तुम्ही काय ते ठरवा बुवा." वहिनी दाराशी उभ्या होत्या. आतले रडणे ऐकून त्यांचा चेहरा असा काही झाला की माझ्या रबराच्या गालांनाही ते सोसले नाही.

"आई, मला एक आठवडा द्या," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "कसं कापलं की केस टिकतात ते मी डोळ्यांनी बघते. तुम्हालाही दाखवते. मग तुम्ही म्हणाल तसं."

"कोणावर बघणार?"

वहिनींनी माझ्यावरचा टॉवेल काढला.

मित्रांनो, तेव्हा मी हो म्हणू शकले नाही आणि नाहीही म्हणू शकले नाही. पण मला विचारले असते तर मी हो म्हटले असते. मला टेबलावर सजून बसायचे नव्हते. मी कामासाठी जन्मले होते आणि याहून मोठे काम मला पुन्हा मिळणार नव्हते.

वहिनींनी माझ्या केसांचे भाग पाडले. उजवी बाजू त्यांनी वस्तऱ्याने तिरपी कापली. वर्गात ही पद्धत फार चालायची, कारण केस हलके होऊन छान फुगतात. डावी बाजू धारदार कात्रीने आखूड आणि एका रेषेत सरळ कापली. मग डावीकडच्या बारीक बारीक बटांना पीळ घातला. पीळ घातला की फाटलेली टोके बटेतून उभी राहतात. तेवढीच त्यांनी अलगद छाटली, लांबी तशीच ठेवली. शेवटी मानेवर एक चौकोन वस्तऱ्याने साफ गुळगुळीत केला. हे सगळे करताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही. परीक्षेसाठी राखलेले केस फरशीवर पडत होते. त्यांना ते दिसत होते, तरी त्या कापत राहिल्या.

चिमी घरीच होती, तिच्याकडे वेळच वेळ. ती मला रोज धुवायची, पुसायची, दोन्ही बाजू एकाच फणीने सारख्याच विंचरायची. खाली पांढरा अभ्रा पसरून ठेवायची. पहिले एकदोन दिवस उजवी बाजूच देखणी दिसत होती आणि आजी टॉवेल घडी करायच्या निमित्ताने येऊन म्हणून गेल्या, "बघ, वस्तऱ्याचीच बाजू शोभते." पण आठवडा सरत आला तसे उजवीकडचे केस टोकाशी झाडूसारखे पिंजारले. अभ्र्यावर तुकडे पडले ते त्याच बाजूचे. डावीकडून फणी सरळ खाली उतरायची.

रविवार उजाडला. सलूनवाले काका आपली पेटी घेऊन आले, खुर्चीवर टेकले. वहिनींनी आजींना माझ्यासमोर बसवले.

"आई, डोळे मिटा आणि नुसता हात लावा. दाट कुठली बाजू?"

आजींनी डोळे मिटले. आधी उजवीकडे बोटे फिरवली, मग डावीकडे. पुन्हा उजवीकडे. "ही," त्या म्हणाल्या. हात डावीकडे होता.

"सगळे केस एका रेषेत संपतात, म्हणून हाताला भरीव लागतात. आणि टोक फाटलेलं नाही, म्हणून मधेच तुटत नाहीत. टोक फाटलं की चीर वर चढते. मग केस कितीही वाढू दे, खालून तुटतच राहतो. लांबी दिसणार कुठून?"

आजींनी माझ्या मानेवरच्या गुळगुळीत चौकोनाला बोट लावले. "आणि इथं काही आलं नाही ते?"

"नाही आलं."

"अगं, बाहुलीचे केस कसे वाढतील?"

"तेच म्हणते मी, आई. वस्तऱ्यात वाढवायची ताकद असती तर हिचेही वाढले असते. वाढ मुळात असते. वर काय फिरवलं ते मुळाला कळतही नाही. गोट्यानंतर खुंट टोचतात म्हणून आपल्याला जाड वाटतात, एवढंच."

सलूनवाले काका खाकरले. "मी इतके गोटे केले, वहिनी. ज्यांचे दाट होते त्यांचे दाट आले. बाकीच्यांचं मला कोणी विचारलं नाही."

आजींनी हात मागे नेले, अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि अंबाडा सोडला. त्यातून एक जाडजूड गंगावन निघाले. परक्या केसांचा तो झुबका त्यांनी माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. त्यांचे स्वतःचे केस जेमतेम खांद्याला लागत होते आणि चिमीच्या वेणीइतकेच बारीक होते.

"माझाही केला होता गोटा," त्या म्हणाल्या. "आले ते हे असे. तेव्हा सगळे म्हणाले, वस्तरा बोथट असेल. मीही तेच धरून बसले. मला वाटलं, चिमीचे तरी येतील. पोरीने माझ्यासारखं जन्मभर लपवत बसू नये, म्हणून जीव तुटत होता गं माझा."

चिमीचे बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून आईकडे बघत राहिले. इतकी वर्षे एका घरात राहून त्यांनाही ते ठाऊक नव्हते. चिमीने आजीच्या केसांना हात लावला. "आजी, किती मऊ आहेत!" ती म्हणाली, आणि आजींनी तिला जवळ ओढले.

"तुला काय हवंय ते तूच सांग आता," आजी म्हणाल्या.

"खांद्यापर्यंत. सरळ. आणि पीळ घालून टोकं काढायची. वस्तरा नको."

वहिनींनी तसेच कापले. वेणीची कुरतडल्यासारखी टोके गेली आणि राहिलेले केस एका रेषेत आले. आरशात बघून चिमी हसली. तापानंतर पहिल्यांदाच.

"मग मी निघू?" काकांनी विचारले.

"थांबा की. आलाच आहात तर ह्याचे कापा," आजी मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "नुसता ठरवा बुवा, ठरवा बुवा करत बसतो."

चिमीचे सगळे छान झाले, पण परीक्षा डोक्यावर आली होती आणि ते डोके, म्हणजे मी, हे असे झालेले. एका बाजूला झाडू, दुसरीकडे आखूड रेषा, मानेवर टक्कल. परीक्षेच्या सकाळी बाईंनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, तुम्ही? तुम्ही तर सगळ्यांत जपून वापरत होतात! ह्याच्यावर मी काय परीक्षा घेऊ?"

"घरी गरज पडली, बाई," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सबब सांगितली नाही की रडवेला चेहराही केला नाही. "जिवंत माणसावर परीक्षा देता येते ना? मी दुपारपर्यंत कोणाला तरी घेऊन येते."

"कोण बसेल शिकाऊ माणसाच्या हाताखाली?"

दारातून आवाज आला, "हे घ्या डोकं."

आजी होत्या. जिना चढून दम लागला होता, म्हणून त्यांनी चौकटीला हात टेकला होता. अंबाडा नव्हता, गंगावन नव्हते. मोकळे, विरळ, पांढरट केस घेऊन त्या रस्त्यावरून, बसमधून, सगळ्यांच्या देखत आल्या होत्या. वर्गातल्या मुली बघत राहिल्या. आजी ताठ मानेने आल्या आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या.

बाईंनी त्यांच्या केसांतून बोटे फिरवली. "फार नाजूक आहेत. काय करणार, वहिनी?"

वहिनींनी कात्री हातात घेतली, पण लगेच चालवली नाही. त्या वाकल्या आणि सासूबाईंना विचारले, "आई, कसे हवेत?"

आजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "अगं, आजवर मला हे कोणी विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "चिमीसारखे काप."

वहिनी पास झाल्या, हे मी वेगळे सांगायला नको. बाईंनी मात्र मला टाकून दिले नाही. आजही मी त्याच वर्गात खिडकीशी आहे. नव्या मुली आल्या की बाई त्यांना आधी माझ्या दोन्ही बाजूंना हात लावायला सांगतात. कोणी मला हसते, कोणी धूळ पुसून जाते. धूळ पुसणाऱ्या थोड्याच आहेत. पण मला खंत नाही.

मित्रांनो, माझी एकच मागणी आहे. तुमच्या केसांना ओढू नका, ओले असताना खसाखसा विंचरू नका, फाटलेली टोके वेळेवर काढा आणि मुळांना धीराने त्यांचे काम करू द्या. आणि उद्या तुमच्या हातात कात्री आली, तर ती चालवण्याआधी खुर्चीत बसलेल्याला विचारा. माझ्यासारख्या डोक्याला विचारायची गरज नसते. बाकी प्रत्येक डोके कोणाचे तरी असते.