पाकाच्या टोपाची कैफियत

मित्रांनो, जरा बसून बोलतो. तसा मी बसलेलाच असतो, टोपाला दुसरं येतं काय. पण हल्ली नुसतं बसूनही दमायला होतं. तांब्याचा, जाड बुडाचा, दोन पितळी कड्यांचा टोप आहे मी. वय विचारू नका. पोचे मोजा आणि अंदाज बांधा.

मला एका तांबटाने ठोकून ठोकून घडवलं. ठोकल्याशिवाय कोणी घडत नाही, असं त्या काळी भांड्यांच्या आणि मुलांच्या बाबतीत सगळ्यांचंच मत होतं. मला विचारलं असतं तर मी वेगळं मत दिलं असतं. कोणी विचारलं नाही.

तिथून मला काकांनी आणलं. त्यांनी तेव्हा नुकतंच दुकान टाकलं होतं. पुढे सहा टेबलं, दाराशी गल्ला, मागे एकाच माणसाला वळता येईल एवढं स्वयंपाकघर. शेजारी शिंप्याचं दुकान, समोर दातांचा दवाखाना. गल्ल्यावर काकू बसायच्या. वर्षभर चहा, सरबत, लोणी लावलेला टोस्ट असं साधंच काही मिळायचं. पण शरद ऋतू आला, बाजारात नाशपाती, सफरचंदं, डाळिंबं आणि पेरू एकदम उतरले, की दारावर पाटी लागायची. 'फ्रूट कॉकटेल. पाक घरचा.' त्या पाटीवरचं 'घरचा' म्हणजे मी.

ते सहा आठवडे माझे. हंगामाआधी कल्हईवाला यायचा आणि मला आतून चांदीसारखा करून जायचा. मग साखर, पाणी, दालचिनीचा तुकडा. उकळी फुटली की चमचाभर दूध. त्याने साखरेची मळी वर येते, ती काकू झाऱ्याने काढायच्या. शेवटी लिंबू पिळायचं, म्हणजे पाकाची परत साखर होत नाही. पाक कोमट झाला की चिरलेल्या फळांवर ओतायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उंच पेल्यात, वर बर्फ. दवाखान्यातून गाल धरून निघालेली माणसंसुद्धा रस्ता ओलांडून इकडे यायची. दातांच्या डॉक्टरांना काकांबद्दल आदर होता तो काही उगाच नाही.

आता काकांची खासियत सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. काका पाकाकडे कधी बघायचे नाहीत. माझ्याकडे पाठ करून ते ओट्यावर नाशपाती चिरत आणि कानाने पाक करत. पाक कच्चा असतो तेव्हा खळखळतो, उथळ माणसासारखा. आटत आला की त्याचा घसा बसतो. तो जड, सावकाश बोलायला लागला की काका न वळता हात मागे करायचे आणि गॅस बंद. फळाला हवा तेवढाच दाट, ना कमी ना जास्त. "बघून कोणीही करेल," असं ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मग कोणीही व्हा की एकदा. मान तरी वळवा." पण पाक कधी चुकला नाही, त्यामुळे मानही वळली नाही.

मित्रांनो, माणसाचं वय आधी त्याच्या लक्षात येत नाही, मग घरच्यांच्या, आणि भांड्यांच्या मात्र सगळ्यात आधी. किटलीची शिट्टी वाजून वाजून थकायची, काका ढिम्म. गिऱ्हाईक टेबलावर चमचा आपटायचं, काका नाशपातीत दंग. आणि मी? मी बसक्या घशाने सांगून सांगून थकलो, 'झालं, उतरवा.' काकांचा हात मागे यायचा तो फार उशिरा.

पाक दाट होऊ लागला. फळं त्यात आक्रसून चामड्यासारखी झाली, पेल्याच्या तळाशी साखरेचे खडे बसले. शेजारचा शिंपी रोजचा गिऱ्हाईक. त्याने एकदा चमचा वर उचलला, तर पाकाची तार चमच्याबरोबर निघाली.

"काका, सुईत ओवू का?" तो म्हणाला. "कोट टिकेल चांगला."

काका हसले. मग आत येऊन माझं बूड उलटं करून बघत राहिले.

"पातळ झालंय," ते काकूंना म्हणाले. "टोपाचं वय झालं गं. आच धरवत नाही त्याला."

माझं वय झालं म्हणे. आणि हे कोण म्हणतंय, तर माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस. पण टोपाने उलट बोलायची पद्धत नाही.

मी माळ्यावर गेलो. माझ्यात कांदे ठेवले. कांद्यांना संगतीचा गुण असतो, दोन महिन्यांत मलाही रडवेलं वाटू लागलं. खाली स्टीलचा नवा टोप आला. त्यातही पाक लागला. काका म्हणाले, आजकालच्या स्टीलमध्ये दम नाही. मग साखर बदलली, मग गॅसची शेगडी बदलली. जगातली एकेक वस्तू बदलून झाली, फक्त जी बदलली होती तिचं नाव कोणी घेईना. काकूंना समजत होतं. पण चाळीस वर्षं ज्या माणसाने कानावर मिजास केली, त्याला हे सांगणार कसं? त्या सांगायला तोंड उघडायच्या आणि "चहा घेता का?" एवढंच विचारायच्या.

मग पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला सफारी घातलेला एक बाटलीवाला आला. तयार पाक, वर्षभर टिकणारा, झाकण उघडा आणि ओता.

"विचार करून सांगतो," काका म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी पाटी उतरवली, 'पाक घरचा' या शब्दांवर अंगठा घासून बघितला आणि म्हणाले, "गुरुवारी भंगारवाला येतो ना? तो वरचा टोप देऊन टाकू. आणि बाटल्या मागवू. माझ्या हातात आता काही राहिलं नाही बघ."

ते त्यांनी एवढ्या थकलेल्या आवाजात म्हटलं की मला माझ्या भंगाराचं दुःखही नीट करता आलं नाही.

बुधवारी दुपारी काकूंनी मला माळ्यावरून काढलं. कांदे काढून मीठ-लिंबाने घासलं आणि शेगडीवर ठेवून साखर मोजून घातली.

"हे काय?" काका म्हणाले.

"शेवटचा पाक. बाटल्या यायच्या आत."

"लागणार तो."

"लागू दे. तुम्ही नाशपाती चिरा."

काका पाठ करून उभे राहिले. काकू मात्र हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होत्या. उकळी फुटली, मळी निघाली, लिंबू पडलं. मी खळखळलो, मग माझा घसा बसू लागला. आयुष्यात एवढ्या स्पष्ट शब्दांत मी कधी बोललो नसेन. काका चिरत होते. नेमक्या क्षणी काकूंनी गॅस बंद केला आणि गप्प उभ्या राहिल्या. स्वयंपाकघर शांत झालं. काकांचं चिरणं चालूच.

बऱ्याच वेळाने त्यांचा हात मागे आला, बटण चाचपू लागला. बटण आधीच फिरलेलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा काका वळले.

"केव्हा बंद केलास?"

"चार नाशपाती आधी," काकू म्हणाल्या.

काकांनी ओट्यावरच्या फोडींकडे पाहिलं. मग चमच्याने पाक घेतला, चिमटीत धरला, बोटं उघडून बघितली. जसा हवा तसाच होता.

"म्हणजे टोप बरा आहे," ते म्हणाले.

"ठणठणीत आहे."

"आणि मी?"

काकूंनी पदराला हात पुसले. मग त्या जरा मोठ्याने बोलल्या. "तुम्ही इकडे तोंड करून चिरत जा."

काकांनी चिरायचा पाट उचलला आणि शेगडीच्या बाजूला, माझ्या समोर आणून ठेवला.

गुरुवारी भंगारवाला स्टीलचा टोप घेऊन गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण कुणाला तरी जावं लागतं. संध्याकाळी बाटलीवाला आला तेव्हा शिंपीही बसला होता. काकांनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, "मला ऐकायला कमी येतं. तुम्ही मोठ्याने सांगा हवं तर. माझं उत्तर 'नाही' हेच आहे."

शिंप्याने त्या दिवशी काही थट्टा केली नाही. दोन पेले प्यायला आणि पेला ठेवताना काकांच्या समोर येऊन "छान झालंय" असं सावकाश म्हणाला.

मित्रांनो, या हंगामातला हा माझा अकरावा पाक. बूड दुखतं, कड्या सैल झाल्यात, आणि काका आता एकटक बघत राहतात त्याचा जरा संकोचही वाटतो. तुमच्याकडे मागणं एवढंच. भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, कल्हई वेळेवर करा. आणि घरातलं कुणी एकाएकी भांड्यांना, साखरेला, शेगडीला नावं ठेवू लागलं, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि काय ते सावकाश, मोठ्याने, प्रेमाने सांगा.