जाळून टाका म्हणे

होकॉनला मी विमानातून उतरवलं, हे खरं आहे. कंपनीला काय चौकशीबिकशी करायची ती करू दे. पण आधी नीट ऐका.

त्या सकाळी ट्रोम्सोच्या विमानतळावर पोचले, तर माझा सहवैमानिक ओड्वार कॉफीचा कप धरून खाली मान घालून उभा. म्हणाला, "तुरिद, चिडू नकोस हं." असं कुणी म्हटलं की मी तिथेच चिडते.

त्याने मला न विचारता टाकी भरून घेतली होती. इंधन किती घ्यायचं हे कॅप्टन ठरवते, सही तिची असते. पण ही नवी पोरं खिडकीबाहेर बघायच्या आधी संगणकाच्या पडद्यात डोकं घालतात. पडदा म्हणाला होता, आज जायचंय त्या स्कारव्हॉगला इंधन महाग आहे, तेव्हा परतीचंही इथूनच घेऊन जा.

अरे, विमान जड झालं की ते जास्त जाळतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं! महिन्यापूर्वी हाच पडदा "नेऊ नका" सांगायचा. कारण जेवढा धूर सोडाल तेवढ्याचे परवाने कंपनीला बाजारातून विकत घ्यावे लागतात, आणि तेव्हा ते महाग होते. मग परवान्यांचा भाव कोसळला. झालं! धूर तेवढाच, पण आता तो परवडतो.

मी त्या नियमाच्या विरोधात नाही बरं का. माझ्या बापाच्या वेळी वसंतातही गोठलेल्या तळ्यावरून गाडी जायची, आता तिथे माणूस पाय टाकायला घाबरतो. धूर महागच हवा. पण नियम धूर कमी करायला केलाय, त्याची दुकानदारी करायला नाही.

तर टाकी भरलेली, आणि स्कारव्हॉगची धावपट्टी आखूड, वर ओला बर्फ. ठरलेल्या वजनाच्या वर एक किलो नेता येत नाही. चार खुर्च्या रिकाम्या, तरी स्कारव्हॉगच्या गुन्व्होरमावशींना जागा नाही. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी.

मावशी विमानाच्या दाराशीच उभ्या होत्या. काळा कोट, एका हातात काठी, दुसऱ्यात केकचा डबा. खुब्याचं हाड मोडून हिवाळाभर इथल्या इस्पितळात पडून होत्या. तिकडे त्यांचा भाऊ जानेवारीत गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून शवपेटी चर्चच्या खोलीत ठेवलेली. आता जमीन सैल झाली होती, त्या दुपारी दफन होतं.

"हिवाळाभर थांबलाय गं तो," मावशी म्हणाल्या. "आणि आज मीच पोचायची नाही?"

इतक्यात कॉकपिटमधल्या आमच्या मागच्या खुर्चीतून होकॉन बोलला. हा ओस्लोच्या मुख्य कचेरीतला इंधनबचतीचा साहेब, आमचं काम कसं चालतं ते बघायला फुकट निघालेला.

"एवढं काय त्यात? इंजिन चालू करून इथेच उभे राहा. त्यांच्या वजनाएवढं इंधन जाळून टाका, की निघू."

"काय करू?"

"जाळून टाक. गाडी बोलावून टाकीतलं इंधन काढायचं म्हटलं तर दुपार होईल. आणि परवाने सध्या स्वस्त आहेत."

ओड्वारने कप खाली ठेवला. मी मागे वळून साहेबाकडे नीट बघितलं. चांगला भरलेला गडी होता.

"होकॉन, तुझं वजन किती रे?"

"ब्याण्णव किलो. का गं?"

"आणि बॅगेचं?"

"असेल दहाएक... ए, थांब!"

"ओड्वार, साहेबांची बॅग खाली घे."

"तू मला उतरवू शकत नाहीस!"

"विमानात कोण बसणार हे कॅप्टन ठरवते. विचार तुझ्या पडद्याला."

"मी वर कळवीन!"

"कळव की. जाळून टाका म्हणालास तेही कळव, गाळू नकोस."

तो तणतणत उतरला. मावशी चढल्या. डबा मांडीवर घेऊन बसल्या.

स्कारव्हॉगला चाकं टेकली तेव्हा चर्चची घंटा अजून वाजायची होती. उतरताना मावशींनी विचारलं, "तो साहेब का उतरला गं?"

"त्याला घाई नव्हती, मावशी."

त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि काठी टेकत चर्चच्या दिशेने निघाल्या. मला रडू आलं. ओड्वारने बघून न बघितल्यासारखं केलं.

आता मी येईपर्यंत तो इंधनाच्या नळीला कुणाला हात लावू देत नाही. माझी नोकरी जाईल म्हणून मात्र रोज घाबरतो. जाऊ दे गेली तर. काल ओस्लोहून विचारणा आली, कंपनीच्या अधिकाऱ्याला विमानात का नेलं नाही, कारण कळवा.

मी कळवलं, परवडत नव्हता.