खंड क्षमापित

तिचं आडनाव तात्पुरते नव्हतं, पण संस्थेत सगळे तिला तात्पुरतेबाईच म्हणत. लेखाविभागातल्या कुणा विनोदी माणसाने कधीकाळी हे बारसं केलं आणि ते असं चिकटलं की नव्याने लागलेली पोरं तिला सरळ मनाने विचारत, बाई, तात्पुरते म्हणजे मूळचे कुठले? एकदा तर बाहेरच्या परिषदेचं निमंत्रणसुद्धा ‘श्रीमती तात्पुरते’ यांच्या नावे आलं. ती हसली. कंत्राटावरच्या माणसाला रुसायची सोय नसते.

संस्थेचं काम ध्रुवाकडच्या मातीचं. तिथली वरची हात-दोन हात माती उन्हाळ्यात विरघळते आणि हिवाळ्यात पुन्हा गोठते. तिच्या खालची माती मात्र उन्हाळ्याला भीक घालत नाही. तिला कायम गोठलेली माती म्हणतात. कायम कुणाला म्हणायचं याचा नियम अगदी सोपा आहे: सलग दोन वर्षं शून्याच्या खाली राहिली की माती कायम. मध्येच वर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

माणसांचाही नियम हाच होता. सलग दोन वर्षं सेवा झाली की माणूस कायम. आणि तसं होऊ नये म्हणून प्रत्येक कंत्राट संपलं की कचेरी तिला पंधरा दिवस घरी बसवायची. कागदावर त्याला तांत्रिक खंड म्हणत. त्या पंधरा दिवसांतही तापमानं येतच राहायची, ती घरी जेवणाच्या टेबलाशी बसून ते आकडे तपासायची, आणि सोळाव्या दिवशी नवी नेमणूक घेऊन जुन्याच खुर्चीवर बसायची. मातीला दोन वर्षांत जे जमत होतं ते बाईंना सोळा वर्षांत जमलं नव्हतं.

घरी सासूबाई दर खंडाला न चुकता विचारत, “झालीस का गं कायम?” दूध उतू गेलं का विचारावं तसं. त्यात टोमणा किती आणि काळजी किती, हे तिला कधी नीट कळलं नाही. नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. छापखाना बंद पडला तेव्हापासून तो घरीच होता, स्वयंपाक त्याने अंगावर घेतला होता आणि तो चांगला करायचा. पण पन्नाशीच्या आत घरी बसलेल्या पुरुषाला शेजारपाजारचे ज्या सुरात ‘काय, आज बेत काय?’ म्हणतात, तो सूर त्याला लागायचा. घर तिच्या कंत्राटावर चालत होतं, आणि कायम नेमणुकीची वयोमर्यादा ती त्या वर्षअखेरीस ओलांडणार होती. त्यानंतर कुणाची कितीही मर्जी असली तरी दार बंद.

त्याच वर्षी बोअर तीनचं प्रकरण निघालं.

ध्रुवाकडच्या तळावर राहण्यासाठी नवी इमारत व्हायची होती. जागेवर तीन बोअर मारले होते आणि प्रत्येकात तापमापकांची एक माळ सोडलेली होती. वेगवेगळ्या खोलीवरची तापमानं थेट तिच्या संगणकावर यायची. एक आणि दोन ठीक होते. तीनमध्ये, नेमकी जिथे इमारतीचे खांब टेकणार त्या खोलीवर, माती आधी बरेच महिने शून्याला चिकटून बसली आणि मग वर आली. सहा आठवडे वर राहिली. तिला कारणही कळत होतं. जुन्या शेडच्या भिंतीमुळे त्या कोपऱ्यात हिवाळ्यात बर्फाचे ढीग साचत, आणि बर्फ साचला की जमिनीवर दुलई घातल्यासारखंच होतं. हिवाळ्याची थंडी खाली पोचतच नाही. त्यातून तिथल्या मातीत बर्फाचे जाड थर होते. तसे नमुने संस्थेच्या शीतखोलीत तिने स्वतः रचून ठेवले होते. त्यातला एक तुकडा ताटलीत विरघळायला ठेवला की तासाभरात निम्मं पाणी आणि निम्मा चिखल उरतो, आणि तुंबलेल्या मोरीसारखा वास येतो. त्या चिखलावर इमारत उभी राहणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तिने संचालकांना टिपण पाठवलं. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर तिचं काम सोपं झालं असतं. त्यांनी आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहा मागवला, मग आपली अडचण सांगितली. इमारतीचे खांब बंदरावर जाऊन पडले होते. तिकडे जहाज वर्षातून एकदाच जातं, उन्हाळ्यात. जागा बदलायची तर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून, आणि सरकार बदललं तर तीही मिळायची नाही. मग तळावरच्या लोकांनी अजून किती वर्षं त्या गळक्या पत्र्याच्या डब्यांत काढायची? हे सगळं खरं होतं.

“तीन नंबरमध्ये किती दिवस वर होतं तापमान?” त्यांनी विचारलं.

“सहा आठवडे.”

“दोन वर्षांत सहा आठवडे. म्हणजे तांत्रिक खंडच की, बाई.”

ती हसेल असं त्यांना वाटलं असावं. ती हसली नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, टेबलावरची एक फाइल पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हा तुमचा प्रस्ताव. सेवेतले सगळे खंड क्षमापित करून तुम्हाला कायम करावं, अशी शिफारस आहे. यंदा नाही तर कधीच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमचे इतके खंड मी क्षमापित करतो. तुम्ही जमिनीचा एक करा.”

ती उठून आली. चहा तसाच राहिला.

आता तिने काय केलं ते सांगतो, आणि सांगताना तिची बाजू मुळीच घेणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी असं आपण म्हणतो, आणि हरीला माफ करून टाकतो. गाढवाला कुणी विचारत नाही. ती तीन-चार दिवस आकड्यांकडे बघत बसली. मग तिला एक शंका आली. उन्हाळ्यात वर साचलेलं पाणी कधीकधी माळेच्या तारेलगत झिरपत खाली जातं आणि तापमापकाला फसवतं. हे खरंच घडतं, पुस्तकात आहे. बोअर तीनमध्ये ते घडलं नव्हतं, कारण तसं घडलं असतं तर वरचे तापमापक आधी बोलले असते. ते तिला दिसत होतं. पण शास्त्रज्ञाला खोटं बोलावं लागत नाही, सोयीची शंका घेतली तरी पुरते. तिने लिहिलं की बोअर तीनची नोंद झिरपलेल्या पाण्यामुळे संशयास्पद वाटते, म्हणून वगळली आहे. आणि जागेवरची जमीन कायम गोठलेली आहे. खाली सही केली.

महिन्याभरात ती कायम झाली.

संस्थेतल्या पोरांनी तिला कायमबाई म्हणून बघितलं, पण ते काही रुळलं नाही. नवऱ्याने नेमणुकीचा आदेश हातात घेऊन कागद बोटांनी चाचपला, उजेडाला धरला आणि म्हणाला, छपाई तिरकी आहे, आमच्याकडे असं गेलं असतं तर मालकाने फोरमनला फाडून खाल्लं असतं. मग त्याने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, आता मी सुखाने डोळे मिटायला मोकळी. त्यांनी काही डोळे मिटले नाहीत. उलट गुडघ्यांचं दुखणं विसरून जिना चढून-उतरून सगळ्या मजल्यांवर बातमी दिली. त्या आनंदात तिला खरोखर बरं वाटलं. पहिल्यांदाच पुढच्या वर्षीचा विचार करता येत होता. तिला झोपही लागायची.

इमारत उभी राहिली. बोअर तीन तिच्याखाली बुजून गेला. एक आणि दोन मात्र चालू होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते दोन्ही वर सरकत सरकत शून्याला येऊन चिकटले. तिने ते आकडे पाहिले आणि अहवालाच्या परिशिष्टात टाकून दिले. परिशिष्ट कोण वाचतं? तळावरच्या लोकांनी गमतीची एक ईमेल धाडली, की नव्या इमारतीतल्या भांडारघराचं दार मिटत नाही, लाथ घालावी लागते, संस्थेने कृपया एक सुतार किंवा एक घोडा पाठवावा. संस्थेत ती ईमेल मोठ्याने वाचली गेली. सगळे हसले. दार नवं असताना अडायला लागलं म्हणजे चौकट हलली, आणि चौकट हलली म्हणजे खालचा खांब. हे त्या खोलीत तिला एकटीलाच कळलं होतं, आणि ती मूग गिळून बसली.

मग साहेबांनी तिच्यावर उपकार केला.

तळाला हिवाळ्यासाठी भांडारपाल हवा होता. धान्य, इंधन, औषधं, सुटे भाग, सगळ्याचा हिशेब ठेवणारा विश्वासाचा माणूस. साहेबांना तिचा नवरा आठवला. तिला न विचारता त्यांनी थेट त्याला फोन केला, कारण त्यांना तिला चकित करायचं होतं. ती घरी आली तर नवरा बैठकीच्या खोलीत लोकरीचे मोजे आणि उसने आणलेले जाडजूड बूट घालून येरझाऱ्या घालत होता, आणि सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला कुणीतरी बोलावलं होतं.

आठवडाभर तिने वेगवेगळ्या वाटांनी त्याला थोपवायचा प्रयत्न केला. थंडी फार असते, आईंचं कोण बघणार, महिनोन्महिने सूर्य दिसत नाही. तो प्रत्येकाला उत्तर देत गेला. आईकडे तू आहेस. सूर्याचं म्हणशील तर छापखान्यातही कुठे दिसत होता? मग रविवारी सकाळी तो ओट्यापाशी कांदा चिरत उभा असताना ती म्हणाली, “त्या इमारतीत राहू नकोस.”

“का गं? तूच पास केलीयस ना?”

तिने सांगितलं. बोअर तीन, सहा आठवडे, साहेबांची फाइल, तारेलगतचं पाणी, दार. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबताच आलं नाही. खांब एकदम कोसळणार नाहीत, हेही तिने सांगितलं; आधी फरशी तडकेल, मग पाइप तुटतील, आणि इंधनाची टाकी त्याच कोपऱ्यात आहे. भर हिवाळ्यात तिकडे जहाज नाही की विमान नाही. त्याने चिरणं थांबवलं होतं. तिला वाटलं तो रागावेल, आणि तो रागावावा असंही तिला वाटत होतं.

“हिवाळ्यात किती जण असतात तिथे?” त्याने विचारलं.

“चौदा.”

“मला धरून?”

“तुला सोडून.”

“मग त्यांना कधी सांगणार होतीस?”

 खरं उत्तर असं होतं की ते चौदा जण तिच्या मनात आलेच नव्हते. दीड वर्ष तिने आकडे पाहिले होते, ईमेल ऐकली होती, आणि तिचं तोंड उघडलं ते घरातल्या माणसाचे बूट दिसल्यावर. तिला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना. आता सांगितलं तर नोकरी जाईल, चौकशी होईल, साहेबही बुडतील, असं काहीतरी ती पुटपुटली. आतून सासूबाईंनी विचारलं की आज जेवण किती वाजता. तो म्हणाला, होतंच आहे आई.

मग तो ओट्याला टेकला. तो काय म्हणणार याची ती वाट बघत होती. तो आत्ता म्हणेल की चल, फोन लाव, होईल ते होईल. तो तसा माणूस होता. छापखान्यात मालकाच्या तोंडावर खोट्या पावत्या छापायला नाही म्हणाला होता, हे ती अभिमानाने सगळ्यांना सांगायची. त्याने एवढं म्हणायची खोटी होती, ती उठलीच असती. एकटीने उठायचं बळ तिच्यात नव्हतं, पण त्याच्या मागून ती गेली असती.

त्याने घराकडे एकदा नजर फिरवली. मग सुरी उचलून पुन्हा कांदा चिरायला घेतला.

“साहेबांना काय सांगू मी?” तो म्हणाला.

तिला कळलं, आणि आपल्या आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, तेही तिला कळलं. “कंबर धरली म्हणून सांग,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो कमरेवर हात ठेवून, जपून पावलं टाकत संस्थेत गेला. साहेबांना फार वाईट वाटलं. त्यांनी एका चांगल्या डॉक्टरचं नाव दिलं. चार दिवसांनी त्यांनी तिला हाक मारून सांगितलं की काळजी करू नका बाई, बदली माणूस मिळाला, गरजू होता बिचारा, ऐकल्याबरोबर उडीच मारली त्याने. ती बरं झालं म्हणाली. घरी तिने नवऱ्याला तेवढंच सांगितलं, आणि तोही बरं झालं म्हणाला. महिनाअखेरीस जहाज सुटलं. तो माणूस कोण, कुठला, त्याच्या घरी कोण कोण आहे, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.