एक पाटा जादा

लवू मिस्त्रीचं गॅरेज आमच्या पावसच्या आंबाबागेच्या दगडी गडग्याला लागूनच आहे. त्या दिवशी त्याने आमची जुनी पिकअप ठोकळ्यांवर उचलून ठेवली, चाकं काढली आणि मला हाक मारली. गाडी माझा मुलगा सुजय चालवतो. पण ती माझ्या यजमानांनी घेतलेली, म्हणून तिचं काही दुखणं निघालं की लवू आधी मला दाखवतो.

"काकू, बघा. पाटे पार बसलेत."

चाकांच्या वर लोखंडी पाट्यांची चळत असते, धनुष्यासारखी वाकवलेली. गाडीचा सगळा भार तीच झेलते. आमच्या पाट्यांना बाक म्हणून उरला नव्हता, आणि एक तर मधोमध तुटला होता. शॉकअपमधून तेल गळत होतं. लवूने पिनेवरचं रबरी बुश बोटाने दाबलं तर त्याचा भुगा झाला.

"मोडीत घालूया," सुजय म्हणाला.

"घाल. आणि मला बुरोंडीला पाठीवर घेऊन जा," मी म्हटलं.

माझा डावा गुडघा वाकत नाही. छोट्या गाडीत बसले तर उठवत नाही, एसटीची पायरी चढवत नाही, आणि स्टुलावरून गेल्या वर्षी पडल्यापासून स्टूल बघितलं तरी धडकी भरते. या पिकअपमध्ये मात्र दांडी धरली की मी सरळ चढते.

दापोलीजवळची बुरोंडी माझं माहेर. मालनताईला गावातच दिलेली, त्यामुळे आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे तिचंच घर. दिवाळीपासून तिचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं. फोनवर तिचं एकच चालायचं, "दमू, राहायला ये गो. नुसतं तोंड दाखवायला नको येऊस. आता मी काय फार दिवस बसून राहायची नाही."

तोंड दाखवण्याचं ती म्हणायची, त्यात खोटं काही नव्हतं. दर वर्षी मोसम संपला की आमचे हे मला याच गाडीतून तिच्याकडे न्यायचे. मागे उरलासुरला आंबा, पुढे आम्ही दोघं. माणूस प्रेमळ, पण परक्या घरी त्यांना झोप येत नसे. जेवून हात धुतला की गाडीत जाऊन बसायचे. ताई ओट्यावरून काही सांगत असायची आणि मी एक पाय पायरीवर ठेवून ऐकत असायचे. लहानपणी एका गोधडीत झोपलेल्या आम्ही बहिणी, पण ताईच्या सासरच्या घरात मी कधी रात्र काढलेली नव्हती. हे गेले, मग माझा गुडघा गेला, आणि तेवढी ती एका दिवसाची फेरीही बंद झाली.

लवूने काम मनावर घेतलं. गंजून बसलेल्या पिना तेल सोडून, तापवून, हातोड्याने ठोकून काढल्या. रत्नागिरीहून नवे पाटे आले, नवे शॉकअप, नवी बुशं. मी रोज गडग्याशी जाऊन बघत होते. पिशवी भरून ठेवली होती, ताईसाठी मऊ साडी घडी करून ठेवली होती.

गाडी खाली उतरली आणि मी दांडी धरून पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचलाच नाही.

"ही एवढी उंच कशी झाली रे?"

"मुळात अशीच होती, काकू. इतकी वर्षं ओझी वाहून खाली बसली होती. आणि मी एक पाटा जादा घातला."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आंब्याची गाडी ना?"

त्याचंही खरं होतं. आमच्याकडे आंब्याच्या गाडीला एक पाटा जादा घालतात. पेट्यांचा भार पडला तरी गाडी दबत नाही. मिस्त्री विचारत नाही आणि मालक सांगत नाही.

"मग काढ तो."

"आई, मोसम तोंडावर आला," सुजय म्हणाला. "पेट्या काय डोक्यावरून नेऊ?"

"पाटे नवे आहेत," लवू मला समजावू लागला. "भार घालून मोसमभर फिरली की बसतील. मग तुमचा पाय बरोबर पोचेल."

"मोसमभर मालनताई थांबते का, तेवढं तिला विचारून सांग."

मी परत येऊन पडवीत बसले. पिशवी समोरच होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून ती आत ठेवायला उठले, तेवढ्यात गडग्यापलीकडून धप्प आवाज आला. मग दुसरा. लवू आणि सुजय पडक्या गडग्याचे चिरे उचलून गाडीत रचत होते, केबिनच्या पाठीला टेकवून.

"या काकू, पाय टाकून बघा."

"नाही पोचत."

"आणखी चार टाक रे, सुजय."

असं करत करत गाडी बसत गेली, आणि एकदाचा माझा पाय पायरीवर टेकला. सुजय घामाघूम झाला होता. "आंब्यापेक्षा तूच जड आहेस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सुजयने त्याच दिवशी परतायचं धरलं होतं. जयगडच्या फेरीबोटीवरच्या माणसाने कुठे जाताय ते विचारून मागे वाकून बघितलं. "चिरे दापोलीला? तिकडचे संपले काय?"

"आईचे आहेत," सुजय म्हणाला.

रस्ता चांगला, गाडी चांगली, आणि तरी मला चुकल्यासारखं वाटत होतं. बऱ्याच वेळाने कळलं, गाडीची कुईकुई थांबली होती. वळणावर ती कुरकुरली की हे म्हणायचे, "म्हातारी बोलायला लागली." हे गेले तरी तो आवाज गाडीत होता. लवूने तोही काढून मोडीत टाकला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

ताई दारातच होती, काठीवर वाकलेली. पार वाळली होती. मी नीट उतरेपर्यंत तिने दम धरला.

"राजवाडा बांधायला आलीस काय गो?"

जेवताना मी तिला चिऱ्यांची हकिगत सांगितली. ती इतकी हसली की ठसका लागला. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि नातवाला, संदेशला, आत बोलावून त्याच्या कानात काहीतरी बोलली. मग माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुपार कलली तसा सुजय उठला. "आई, निघायला हवं. शेवटची बोट चुकेल."

बाहेर आलो तर गाडी रिकामी. चिरे घरालगतच्या परड्याच्या कडेला रचलेले, आणि गाडी पहिल्यासारखी उंच उभी.

"मावशी, चिरे उतरवलेत?"

"गुरं शिरतात रे परड्यात. म्हटलं, आयते आलेत."

"मग आई चढणार कशी?"

"नाही चढणार," ताई म्हणाली आणि ओट्यावर बसली.

काही ना काही उपाय निघाला असता. संदेशसारखा धडधाकट पोर घरात असताना एका म्हातारीला गाडीत चढवणं ते काय मोठं. पण संदेश जागचा हलला नाही. सुजयने माझ्याकडे बघितलं. मी पायातल्या चपला काढून ओट्याखाली सरकवल्या.

"चार दिवसांनी ये," मी म्हटलं. "पिशवी तेवढी काढून दे."

त्याने पिशवी दिली, मावशीच्या पाया पडला आणि गाडी सुरू केली. भार नसल्यामुळे ती नव्या पाट्यांवर उडत उडत चढणीला लागली. धूळ उठली, वळणावर लाल दिवा दिसला आणि गाडी माडांआड गेली. तरी मी तिकडेच बघत राहिले. या ओट्यावरून ती जाताना मी कधी बघितलीच नव्हती.

"अजून आवाज येईल," ताई म्हणाली. "पुलापाशी गेली की येतो. मग बंद होतो."