गोल बुडाचा शेगडा

मित्रांनो, मला उचलायला जाऊ नका, कंबर धरेल! मी एक जुना शेगडा आहे. धातूवर नक्षी कोरताना वस्तू हलू नये म्हणून तिला जबड्यात घट्ट धरायचं, हे माझं काम. माझं बूड तोफगोळ्यासारखं गोल आहे, आणि ते चामड्याच्या कड्यात बसतं. वरचा भाग मात्र गरगर फिरतो.

कोरणाऱ्याचा उजवा हात फारसा हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्या हातातली कोरणी जागच्या जागी असते. वळण आलं की डावा हात मला फिरवतो आणि धातू कोरणीखाली सरकतो. म्हणजे नक्षीचं निम्मं श्रेय माझं. कौतुक मात्र सगळं कोरणीचं. असो.

भट्टीतून निघून मी दुकानात आलो, तेव्हा एका कारागिराने मला निवडलं. त्याने मला फिरवून कान जवळ आणला. खरखर नव्हती. मग दोन्ही हातांनी रेटून पाहिलं. "हा बाबा जागचा हलायचा नाही," तो म्हणाला, "हाच द्या." माझी छाती फुगली. पुढे माझ्याच जबड्यात त्याने चषक कोरले, पाट्या कोरल्या, आपल्या लेकीलाही हे काम शिकवलं. ती बापाच्या तोडीची निघाली.

मित्रांनो, कोरताना धातूचे केसासारखे बारीक कीस उडतात आणि माझ्या मानेत शिरतात. रोज काम संपलं की कारागीर कुंचल्याने ते झाडायचा, तेलाचा थेंब सोडायचा. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. त्याचं कशातच लक्ष लागेना. "उद्या बघू," म्हणत तो उठायचा. मी अडकू लागलो. त्याने एक हलकी फिरती चकती आणली आणि मला बाकाखाली ढकललं. चकतीला मी उगाच नावं ठेवणार नाही. पातळ पत्र्यांसाठी ती चांगलीच होती.

एकदा पोलादाचा जाड ठसा कोरायला आला.

"बाबा, हा जुन्यावर लावू," लेक म्हणाली. "चकतीला झेपायचा नाही."

"जुना अडकतो गं. खोलून साफ करण्यात दुपार जाईल, आणि ठसा आजच द्यायचाय. कर चकतीवर, काही होत नाही."

पोलादाला जोर लागतो. तिने जोर दिला, चकती कलंडली, कोरणी निसटली आणि तिच्याच डाव्या अंगठ्याच्या बुडात खोल घुसली. ती ओरडली नाही. बापच ओरडला. मी बाकाखालून सगळं पाहत होतो. जखम भरली, पण आतली नस तुटली होती. अंगठा पुन्हा वळला नाही. अंगठ्याच्या पकडीशिवाय मला वळणावर बेताने फिरवता येत नाही. ज्या हाताने मला फिरवायचं, तोच गेला.

मग बापाने मला वर घेतलं आणि खोललं. थरथरत्या हातातून स्क्रू पडत होते आणि तो रडत रडत ते शोधत होता. "ही दुपार तेव्हाच काढली असती तर..."

"बाबा, पुरे. तेल जास्त झालंय, ते पुसा आधी," लेक म्हणाली.

त्या दिवसापासून दोघं माझ्या दोन बाजूंना बसू लागली. कोरणी तिची आणि मला फिरवायला त्याचा शाबूत डावा हात. "बाबा, थोडं... अजून थोडं... बास." शेजारचा सुतार थट्टा करायचा, "दोघांचा मिळून एकच कारागीर झालाय की!" ती हसायची. बाप कधीच हसला नाही. माझी मान मात्र तो न चुकता झाडायचा.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. लेकीने त्याच्या नावाची पितळी पाटी माझ्या जबड्यात बसवली. सरळ रेघा एकटीने झरझर कोरल्या. पहिलं वळण आलं. सवयीने ती म्हणाली, "बाबा, थोडं..." आणि थांबली. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत बसली. मग तिने कोरणी खाली ठेवली.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. हत्यार आजचं आजच पुसत जा. ते जड असो, जुनं असो, त्याला उद्यावर टाकू नका. आता माझ्या मानेत किसाचा कणसुद्धा नाही. एक बोट लागलं तरी मी फिरेन. पाटी अजून माझ्या जबड्यातच आहे.